आक्का, तुझी पाठ आणि माझा हट्ट

आक्का,

तिसऱ्या दिवशी बाळू सावडायला गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या एका हातात अस्थींचं मडकं होतं आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी जड. ओसरीवर माझ्यासमोर बसून त्यानं फडक्याची गाठ सोडली. तुझ्या पाठीतल्या सळया होत्या आणि स्क्रू. निळसर काळे पडलेले, पण जसेच्या तसे. आगीनं त्यांना काही केलं नव्हतं.

"काकी, ह्याचं काय करायचं?" बाळूनं विचारलं. तुझा मुलगा पंचेचाळिशी ओलांडून गेला, तरी तुझ्याबाबतीतला प्रश्न मलाच विचारायचा ही आपल्या घरातली रीत. जमलेल्या माणसांत लगेच दोन तट पडले. एक जण म्हणाला, लोखंड अस्थींबरोबर जात नसतं, बाजूला काढा. दुसऱ्यानं सुचवलं की दवाखान्याचं आहे, दवाखान्याला परत द्यावं. मी सांगितलं की हे लोखंड नाही आणि दवाखान्याचंही नाही. ती ह्याच्यावर उभी राहिली, ह्याच्यावर चालली, म्हणजे ही तिचीच हाडं. दुपारी बाळूनं सगळं एकत्रच भीमेत सोडलं. तो घरी आला, पाय धुतले, आणि मला त्या दोन-तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

चारचौघांत मी तुला 'अहो आक्का' म्हणत आले आणि चुलीपाशी 'तू'. आज चुलीपाशी बसल्यासारखंच लिहिते आहे. अंगणवाडीच्या नोकरीत आयुष्यभर लिहिलं ते पोरांची वजनं आणि लसी. माणसाला उद्देशून असं काही लिहायची ही पहिलीच खेप. चुकलं तर तू आहेसच नाक मुरडायला.

आधी एक सांगून टाकते. मला रडू येतं, भांडी घासताना येतं, तुझी खुर्ची आत घेताना येतं. पण त्या रडण्याच्या तळाशी एक सुटकाही आहे. तू सकाळचा चहा घेतलास, साखर कमी पडली म्हणून कुरकुरलीस, कप खाली ठेवलास आणि खुर्चीतच मान टेकवलीस. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. हृदय थांबलं म्हणाले. अंथरुणाला खिळणं नाही, कुणाच्या हाताकडं बघत पडणं नाही. बायकांनी तुला आंघोळ घातली तेव्हा तू जोडलेल्या पाटांवर पाठ टेकून लांबसडक निजली होतीस. शेजारची एक जण हळूच म्हणाली की केवढी उंच होती बाई ही, आमच्या ध्यानातच नव्हतं. मला ध्यानात होतं.

मी या घरात सून म्हणून आले ती तुझी उंची बघतच. तू थोरली जाऊ, मी धाकटी. स्वयंपाकघराच्या दारातून तुला मान खाली घालून आत यावं लागायचं, चौकट कमी पडायची. सासूबाई म्हणायच्या, ही सून आम्ही आढ्याला टेकू द्यायला आणली. मी इतकी बुटकी, की फळीवरचा कुठलाही डबा हवा असला की तुला हाक. तू डबा काढून द्यायचीस आणि वरून दोन शब्द सुनवायचीस. तुझी जीभही तुझ्याएवढीच लांब होती. अख्ख्या वस्तीवर कुणाचं कुणाशी जमत नाही, कोण कुणाला फसवतंय, हे तू भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून सांगायचीस, आणि ज्याला सांगायचं त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचीस.

पन्नाशीनंतर तुझा एक खांदा खाली आला. पदर एकाच बाजूनं घसरायला लागला. ब्लाउज शिवणारीनं मला बाजूला घेऊन विचारलं, दोन्हीकडचं माप वेगळं का येतंय. मग कंबर डावीकडं कलली, आणि मग पुढं वाक आला. दरवर्षी थोडा थोडा, त्यामुळं घरात कुणाला धक्का असा बसलाच नाही. ओट्यावर डावं कोपर टेकून तू एका हातानं भाकरी थापायला शिकलीस. मळ्यात जाताना आधी बाभळीला टेकायचीस, मग विहिरीच्या कठड्याला, मग माझ्या खांद्याला. रात्री पाठीखाली उशांचा ढीग लागायचा, कारण पाठ अंथरुणाला टेकायचीच नाही. जेवण चार घासांवर आलं. पोट दुमडलं गेलं होतं, अन्नाला जागाच नव्हती. फळीवरचे सगळे डबे मी एकेक करून खाली ओट्याखाली आणून ठेवले. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

नगरच्या मोठ्या डॉक्टरांकडं बाळूनं तुला नेलं होतं. त्यांनी फोटो बघितले आणि सरळ सांगितलं की हे दुरुस्त करायचं तर पाठ वरपासून खालपर्यंत उघडावी लागेल, रक्त फार जाईल, वय आणि साखर बघता मी तुम्हाला हो म्हणणार नाही. माणूस प्रामाणिक होता. त्या काळी त्याच्या हातात तेवढंच होतं. बाळू घरी आला आणि त्यानं विषय मिटवून टाकला. आईला मी कापू देणार नाही, आहे तशी राहील. त्याचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. त्याच्या जागी मीही घाबरलेच असते.

विषय पुन्हा उघडला तो श्रीगोंद्याच्या बाजारात. तुला आठवतंच असेल. लुगडं घ्यायला कापडाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार तुझ्यासमोर उभा, आणि विचारतो मला, की म्हातारीला कुठला रंग दाखवू. साठी नुकती ओलांडली होतीस तू. तू काही म्हणालीस ते त्यानं ऐकलंच नाही, पुन्हा माझ्याकडं बघून विचारलं, म्हातारीला काठ मोठा चालतो का. एरवी तू त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असतीस. त्या दिवशी तू गप्प राहिलीस. जीपमध्ये बसल्यावर, कितीतरी वेळानं, आपल्या मांडीकडं बघत म्हणालीस,

"सुमन, त्याला माझं तोंडच दिसलं न्हाई."

तेवढंच. दुखतं म्हणून तू इतकी वर्षं कण्हली होतीस, पण हे वाक्य दुखण्याचं नव्हतं. मला त्या जीपमध्ये कळलं की तुझ्या पाठीनं तुझी वाचाच नेली होती. वाकलेल्या माणसाशी लोक बोलत नाहीत, त्याच्याबद्दल बोलतात.

त्यानंतर काही महिन्यांनी तालुक्याला मणक्याच्या आजारांचं शिबिर लागलं. पुण्याहून डॉक्टर आले होते, तरुण, हळू बोलणारे. मी तुला जवळजवळ ओढतच नेलं. त्यांनी तुला उभं केलं, निजवून बघायचा प्रयत्न केला, मग स्टूल ओढून तुझ्यासमोर खाली बसले. तुझं तोंड दिसेल इतके खाली. आक्का, तो माणूस मला तिथंच पटला. त्यांनी तुलाच सांगितलं, मला नाही, की आता पाठ पूर्ण न उघडताही हे करता येतं. बारक्या चिरांमधून. दोन टप्प्यांत. पण प्रत्येकाला ते जमतं असं नाही, आधी हाडं तपासू.

हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टर म्हणाले, भुसभुशीत भिंतीत खिळा धरत नाही, आधी हाड पक्कं करू. त्यासाठी कित्येक महिने रोज पोटात सुई. ती सुई मी द्यायचे, सकाळी, अंगणवाडीला जायच्या आधी. रोज तू मला एक नवी शिवी द्यायचीस. साखर आटोक्यात आणायची होती, ते पथ्य तू पाळलंस. आणि मिश्री सोडायची होती. तंबाखूनं हाड जुळत नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लग्नाच्या आधीपासून तुझ्या दातांना लागलेली मिश्री. तू ती सोडशील असं घरात कुणालाही वाटलं नव्हतं. बाळू तर त्यावरच टेकून होता. आईची मिश्री सुटणार नाही, आणि ऑपरेशनही होणार नाही. एका सकाळी तू मिश्रीची डबी उकिरड्यावर टाकलीस आणि त्याच्याकडं न बघता आत गेलीस. तो त्या दिवशी न जेवता उसाला पाणी द्यायला गेला. संध्याकाळी येऊन मला म्हणाला, काकी, काही झालं तर मी तुला माफ करणार नाही. मी म्हणाले, नको करू.

खर्चाचं मी इथं लिहीत नाही. ते बाळूनं आणि ह्यांनी मिळून निभावलं, आणि तुझ्या कानावर येऊ दिलं नाही.

पुण्याच्या दवाखान्यात आदल्या दिवशी डॉक्टरांनी सगळं समजावलं, आणि ते गेल्यावर तू मला म्हणालीस, आता मला कळंल असं सांग. मी सांगितलं. पहिल्या दिवशी कुशीवर निजवतील आणि बरगडीच्या खाली बारक्या चिरा घेऊन आत जातील. झिजून बसलेल्या मणक्यांच्या मधे पाचर मारतील, कललेलं दार चौकटीत आणायला सुतार मारतो तशी. मग चार दिवस थांबून पाठीकडून. तिथंही मोठी चीर नाही, नुसती भोकं. एक्स-रेच्या मशीनवर बघत बघत स्क्रू घालतील आणि मग कातडीच्या आतून सळई सरकवतील.

"म्हंजी परकरात नाडी ओवत्यात तशी," तू म्हणालीस.

मी हसले. तू हसली नाहीस. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा तू त्यांना एकच विचारलंस, मी उभी राहीन का. त्यांनी वचन दिलं नाही. म्हणाले, उभं राहता येईल असं मला वाटतं, पण तरुणपणासारख्या सरळ व्हालच असं नाही. आणि एकदा मणके बांधले की कमरेतून वाकता येणार नाही, ते कायमचं. तू मान हलवलीस आणि अंगठा न उठवता सही केलीस. ती सही मी तुला खूप वर्षांपूर्वी पाटीवर शिकवली होती.

दोन्ही ऑपरेशनं पार पडली. पाठीवर बघावं तर बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या दोन ओळींत चिकटवलेल्या, एवढंच. मला वाटलं, जिंकलो. आणि तुला उठवायला गेले तर तुझा डावा पाय उचलेना.

डॉक्टर म्हणाले, कुशीतून जाताना मांडीच्या स्नायूतून वाट काढावी लागते, तो दुखावतो, काही आठवड्यांत येईल. त्यांनी हे आधीही सांगितलं होतं. पण आधी ऐकणं वेगळं आणि स्वतःची मांडी चिमटा काढून बधिर लागणं वेगळं. फिजिओथेरपीच्या मुलीनं वॉकर आणला, तिनं आणि बाळूनं दोन्हीकडून धरलं आणि तुला उभं केलं. बाळूला कितीतरी वर्षांनी आईचं तोंड समोर दिसलं. ते त्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं. तो तिथंच तोंड फिरवून रडायला लागला. तुझं मात्र त्याच्याकडं लक्ष नव्हतं. तू माझ्याकडं बघत होतीस, वरून, पूर्वीसारखी.

"चालती आनली मला," तू म्हणालीस, "आन् पांगळी केलीस."

त्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस. पाणी हवं असलं तर नर्सला सांगायचीस. घरी आल्यावर बाळूच्या बायकोला. मी तुझ्या पायाला रोज व्यायाम द्यायचे, डॉक्टरांनी दाखवला तसा, आणि तू छताकडं बघायचीस. छताकडं. मला त्यातही बरं वाटायचं, कारण तू पाठीवर निजून छत बघत होतीस. पण हे तुला सांगायची सोय नव्हती. मनातून मी फार भ्याले होते. पाय नाही आला तर या घरात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि घराचं सोड, तुझ्यासमोर राहिली नसती.

पाय आला तो कुत्र्यामुळं. धारा काढून दुधाची किटली अंगणात ठेवली होती, तू वॉकर धरून उभी होतीस, मी केर काढत होते. शेजारच्यांचं कुत्रं आलं आणि त्यानं किटलीत तोंड घातलं. तू डाव्या पायानं त्याला अशी लाथ हाणलीस की ते केकाटत कुंपणाबाहेर गेलं. मग आपण दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. तू तुझ्या पायाकडं बघितलंस, पुन्हा माझ्याकडं. इतक्या आठवड्यांच्या अबोल्यानंतर तुझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, की बघत काय बसलीस, दूध सगळं उष्टं झालं. मी केरसुणी हातात घेऊनच गोठ्यामागं गेले आणि पोटभर रडून आले.

नंतरची वर्षं सुखाची होती असं लिहिलं तर तू भूत होऊन येशील. भांडणाची होती. वॉकर सुटला, काठी सुटली, आणि पहिलं काम तू कुठलं केलंस, तर ओट्याखालचे सगळे डबे पुन्हा वरच्या फळीवर नेऊन ठेवलेस. डाळी, गूळ, शेंगदाणे, माझी चहापूडसुद्धा. मी हात उंचावून उड्या मारायचे आणि तू दाराशी उभी राहून बघायचीस. मी म्हणायचे, आता खाली राहू दे की, मला सवय झाली आहे. तू म्हणायचीस, डब्याची जागा वर असती. शेवटी मी अंगणवाडीतला मोडका स्टूल आणला.

बाजारातही तू त्याच कापडाच्या दुकानात गेलीस. काही घ्यायचं नव्हतं. गाठोडंभर लुगडी खाली काढायला लावलीस, प्रत्येकाला नाव ठेवलंस आणि निघून आलीस. तो बिचारा तुला 'मावशी, मावशी' करत होता. त्यानं तुला ओळखलंच नव्हतं.

पण आपल्या दोघींचा खरा वाद निराळा होता आणि तो तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत चालला. तुला कमरेतून वाकता येईना. पायाची नखं मी काढायची. पडलेली सुई उचलायला बाळूनं चिमट्याची काठी आणून दिली, ती तू कोपऱ्यात उभी करून ठेवलीस. पंगतीत बसता येईना, लग्नकार्यात तुला खुर्ची लागायची, आणि सगळ्या बायका खाली नि आपण एकटीच वर हे तुला खुपायचं. देवीच्या देवळात गेलो तर तू ताठ उभी राहून हात जोडायचीस. पायावर डोकं ठेवता यायचं नाही. एक-दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. तिथून घरी येईपर्यंत तू मला सुनवत होतीस, की आधी वर बघता येत नव्हतं, आता खाली वाकता येत न्हाई, तुझ्या हट्टानं माझी नुसती बाजू पालटली. मी म्हणायचे, मग परत जायचं का पुण्याला, काढून आणू सळया? तू म्हणायचीस, जा, तूच जा. एकदाही, आक्का, एकदाही तू 'बरं झालं' म्हणाली नाहीस. मी वाट बघायचे. नंतर नंतर वाट बघणंही सोडून दिलं.

फक्त जामखेडचा एक दिवस त्याला अपवाद होता, आणि त्या दिवशीही तू माझ्याशी बोलली नव्हतीस.

तुझं माहेर जामखेडच्या पुढं, कोरडवाहू गावात. तिथं तू फार वर्षं गेली नव्हतीस. मागं एका लग्नात तुझ्या आईनं तुझी वाकलेली पाठ बघितली आणि भर मांडवात सासूबाईंना म्हणाली, माझ्या लेकीला वझं उचलायला लावून मोडली तुमी. दोन्ही घरांत तेव्हापासून बिनसलं. सासूबाई गेल्या, पण तू आईला तोंड दाखवायला गेली नाहीस. गेलं की ती पुन्हा पाठ बघणार, पुन्हा तेच बोलणार, आणि आपण इकडची बाजू घ्यायची की तिकडची, ते तुला कळत नव्हतं.

पाय नीट चालायला लागल्यावर तूच म्हणालीस की जामखेडला जाऊ. तुझी आई खाटेवर होती, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तू खाटेजवळ गेलीस. वाकून पाया पडता येईना, म्हणून नुसतीच उभी राहिलीस. म्हातारीनं विचारलं कोण आहे. तू नाव सांगितलंस. तिनं दोन्ही हात वर केले, तुझ्या कमरेवर ठेवले, आणि मग हात जातील तिथवर पाठ चाचपत गेली. खालून वर, पुन्हा वरून खाली.

"नीट झालीस की गं," ती म्हणाली. "कुनी केलं?"

तेव्हा मीच पुढं होऊन सांगितलं. डॉक्टरांनी मला जे सांगितलं होतं तेही सांगितलं, की ही मणक्यांची झीज होती, एखाद्याच्या वाट्याला येते, वझ्यानं झाली नव्हती आणि कुणी केली नव्हती. म्हातारी म्हणाली की तुझ्या सासूला मी उगं बोलले. आणि तुला म्हणाली, आता बस. तू बसली नाहीस. तासभर तशीच खाटेशी उभी राहिलीस आणि तिचा हात तुझ्या पाठीवर होता.

ती पुढच्या वर्षी गेली. तू शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ होतीस. येताना एसटीत तू खिडकीकडं तोंड करून बसलीस आणि नगर येईपर्यंत बोलली नाहीस. तो काही रुसव्याचा अबोला नव्हता, हे दोघींना कळत होतं.

तू गेलीस तेव्हा मला वाटलं, आपला वाद असाच अर्धा राहिला. मी बरोबर होते की तू, हे आता कोण ठरवणार. खरं तर मला ठरवायचंही नव्हतं. मला फक्त तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. नाही ऐकलं. असू दे म्हटलं. सगळीच माणसं सगळं बोलून जात नाहीत.

मग दहाव्याला एक बाई आली.

माणसं पांगत आली होती. घाटावरून परतून आम्ही मांडवात बसलो होतो. पन्नाशीची असेल. एका कुशीवर कललेली, पुढं झुकलेली, मांडवाच्या खांबाला धरून उभी. मी उठून तिला खुर्ची दिली आणि तिच्यासमोर खाली बसले. म्हणाली, मी बेलापूरची शकू. तुमच्या आक्का मला पुण्याच्या दवाखान्यात भेटल्या होत्या. तुझ्या वर्षाच्या तपासणीला आपण गेलो होतो तेव्हा मी तुझा नंबर लावायला एक्स-रेच्या रांगेत होते आणि तू बाहेर बाकावर बसली होतीस, तेव्हाची ही ओळख. तिला डॉक्टरांनी हेच ऑपरेशन सांगितलं होतं आणि ती भ्यायली होती. तेव्हापासून तू तिच्याशी फोनवर बोलायचीस. दुपारी, मी अंगणवाडीत असताना. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. परवा तिनं फोन केला तर तो बाळूनं उचलला, तेव्हा तिला कळलं.

मी विचारलं, काय सांगायची आक्का. मला वाटलं, वाकता येत नाही म्हणून रडगाणं गायली असेल.

शकूबाई म्हणाली, "सगळं सांगितलं त्यांनी. पाय बधिर पडंल म्हनल्या, रडशील, वाकता येनार न्हाई. पन मानसाच्या तोंडाकडं बघून बोलता येतं, म्हनल्या, त्याच्यापुढं बाकीचं काय न्हाई."

ती पुढं सांगत होती.

"आन् एक बजावलं हुतं. एकटी जाऊ नको. जिला शिव्या देता येतील आन् तरी जी उठून जानार न्हाई, अशी बाई संगं ने. मी म्हनलं, आक्का, माझं असं कोन न्हाई. तर म्हनल्या, मग माझी जाऊ तुला देते."

मी विचारलं, मला विचारायचं होतं ना तिनं आधी.

"मी बी तेच म्हनलं," शकूबाई म्हणाली. "तर म्हनल्या, तिला काय विचारायचं. ती येती."

आक्का, मी दहाव्याच्या मांडवात हसले. मोठ्यानं हसले. माणसं वळून बघायला लागली, बाळू धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. मला काही झालं नव्हतं. इतक्या वर्षांचं काहीतरी उतरलं होतं.

शकूबाईची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. मी अंगणवाडीत रजा टाकली आहे, पिशवी भरली आहे. काल तिचा फोन आला. सारखी म्हणत होती, तुमाला उगं तरास, उगं तरास. मी तिला सांगितलं, त्रासाचं सोड. पाय उचलेना झाला की मला शिव्या दे, आणि चांगल्या मोठ्यानं दे. मी कुठं जात नाही.